पंपघरातील मीटरला ‘मास्टर’ नेमताना घ्यावयाची काळजी

खानदेशातील शेतकऱ्यास फड पद्धत नवी नाही. पांझरा नदीवरील बंधाऱ्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवस्थेत पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असते. ज्याने त्याने मनास येईल तेव्हा पाणी वळवावे, अशी मुभा नसते. म्हणूनच शेवटच्या शेतालाही पाणी पोहोचते. हाच नियम आता पंपघरातील तारेलाही लागू झाला आहे.

दोंडाईचा परिसरातील कापूस व मिरचीच्या बागायतदारांपैकी काहींनी ठिबक संचास पाण्याचा मीटर, जमिनीतील ओलावा मोजणारे उपकरण, टाकीची पातळी दाखविणारे उपकरण आणि पंपाचा वेग राखणारा ड्राइव्ह जोडला आहे. ही उपकरणे पुष्कळदा ‘मॉडबस’ या भाषेत एकमेकांशी बोलतात. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली ही भाषा कारखान्यांकरिता तयार केली. तिचा नियम साधा आहे : एका तारेवर एकानेच विचारावे, इतरांनी विचारल्यावरच उत्तर द्यावे. विचारणारा तो मास्टर. उत्तर देणारा तो स्लेव्ह. २०२० पासून मॉडबस संस्थेने यांस क्लायंट व सर्व्हर अशी नावे दिली आहेत. तथापि माहितीपुस्तिकांत जुने शब्द अद्याप आढळतात.

मीटर बहुधा उत्तर देणारा म्हणूनच येतो. काही मीटर मात्र मास्टर म्हणूनही नेमता येतात. तसे केल्यास निराळ्या नियंत्रकाचा खर्च वाचतो. पण काळजी न घेतल्यास नुकसान होते.

गेल्या हंगामात या भागातील एका मिरचीच्या शेतावर जाण्याचा प्रसंग आला. मीटरला मास्टर नेमले होते. परंतु मोबाइलवर आकडे पाठविणारी पेटीही त्याच तारेवर मास्टर होती. दोघांचे प्रश्न एकमेकांवर आदळत आणि उत्तर कोणासही नीट मिळत नसे. मीटरने ओलाव्याचा जुनाच आकडा खरा धरला व पंप चालू ठेवला. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून सखल भागातील झाडे पिवळी पडली व कोमेजली. यंत्रे सर्व शाबूत होती. दोष होता तो एका तारेवर दोन पाटकरी नेमण्याचा.

यास्तव पुढील क्रमाने काम करावे.

१. तारेवर आधीच कोणी मास्टर आहे काय, हे प्रथम पाहावे. मोबाइलची पेटी बहुधा मास्टर असते. ती ठेवावयाची असल्यास तिला स्वतंत्र तार द्यावी, नाहीतर मीटरला स्लेव्हच राहू द्यावे.

२. प्रत्येक स्लेव्ह उपकरणास १ ते २४७ पैकी निराळा क्रमांक द्यावा. एकच क्रमांक दोघांस देऊ नये. ० हा क्रमांक सर्वांस एकदम आज्ञा देण्याकरिता असतो. त्यास कोणीही उत्तर देत नाही.

३. संदेशाचा वेग (उदाहरणार्थ ९६००), पॅरिटी व स्टॉप बिट सर्व उपकरणांत सारखे ठेवावे.

४. मीटरमध्ये कोणाकडून कोणते रजिस्टर वाचावयाचे, हे भरावे. पुस्तिकेतील ४०००१ हे रजिस्टर तारेवर ० म्हणून मागावे लागते. त्यामुळे एका अंकाची चूक वारंवार होते. मोठा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. त्यांचा क्रम उलटा झाल्यास भलताच आकडा दिसतो. म्हणून टाकीत काठी घालून पाण्याची उंची मोजावी व मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावी.

५. ठराविक वेळा उत्तर न आल्यास पंप बंद व्हावा, अशी योजना अवश्य करावी. जुन्या आकड्यावर पंप चालू देऊ नये.

आरएस-४८५ पद्धतीची पीळदार तार एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे ओळीने न्यावी. तिला फाटे फोडू नयेत. लांबी सुमारे १,२०० मीटरपेक्षा अधिक नसावी आणि दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोध लावावा. मोटारीच्या केबलपासून ही तार दूर ठेवावी.

पहिले काही दिवस मीटरने केवळ आकडे वाचावेत. पंप हातानेच चालवावा. आकडे विश्वसनीय ठरल्यावर मगच पंपाचा ताबा मीटरकडे द्यावा. त्या दिवशी ओलाव्याच्या उपकरणाची तार मुद्दाम सोडून पाहावी. पंप बंद पडला तर जोडणी योग्य. चालूच राहिला तर पाचवी बाब पुन्हा तपासावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे अवश्य करावे : उपकरणांचे क्रमांक, संदेशाचा वेग व मास्टर कोणता, हे एका कागदावर लिहवून तो पंपघरात चिकटवावा. जोडणारा कारागीर निघून जातो. पीक मात्र शेतकऱ्याचेच असते.