आयरिश नवरीची लेस

मैत्रिणींनो, लग्नघरात नव्या साड्यांचा ढीग पडलेला असला तरी आईच्या जुन्या शालूवरून नवरीचा हात एकदा तरी फिरतोच, नाही का? आयर्लंडमधल्या मुलींचंही असंच आहे. झगा आता सगळीकडे असतो तसा पांढराच. पण त्यावर आपल्या मातीची एखादी खूण हवी, असं अनेकींना वाटतं. ही खूण म्हणजे बहुधा आयरिश लेस.

ही लेस नुसती नटण्याची वस्तू समजू नका हं! १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला. बटाटा हेच गरिबांचं अन्न. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि जवळपास तेवढ्यांनीच देश सोडला. अशा वेळी जोगिणींच्या मठांतून आणि काही सुशिक्षित बायकांच्या घरांतून मुलींना क्रोशाचं विणकाम शिकवलं गेलं. एक सुई आणि दोऱ्याची गुंडी, भांडवल एवढंच. एकीनं गुलाब विणायचा, दुसरीनं पानं, तिसरीनं ते जाळीत जोडायचे. शेतात काही उरलं नव्हतं, तेव्हा कितीतरी घरांतली चूल या सुईवर पेटली. क्लोनिस गावची क्रोशाची लेस त्याच काळातली.

कॅरिकमॅक्रॉसची लेस याहूनही जुनी, १८२०च्या सुमाराची. तिची रीत वेगळी. नेटवर तलम मलमल ठेवायची, नक्षीच्या कडेनं दोरा टाचायचा आणि बाहेरची मलमल हलक्या हातानं कापून टाकायची. कात्री जरा घसरली, की खालची नेट फाटलीच! १९८१ साली डायनाच्या लग्नाच्या झग्यावर या लेसचा जुना तुकडा होता. २०११ साली केट मिडल्टनच्या झग्यावरची फुलंही याच पद्धतीनं बसवली होती. त्यांत आयर्लंडचं शॅमरॉकही होतं, आपल्या आंबुशीसारखं तीन पानांचं.

लेसखेरीज आणखीही खुणा आहेत. गॉलवेजवळच्या क्लॅडा या कोळीवाड्याची अंगठी घ्या. दोन हातांत धरलेलं हृदय आणि वर मुकुट. म्हणजे मैत्री, प्रेम आणि निष्ठा. लग्न झालं, की हृदयाचं टोक मनगटाकडे करून ती डाव्या हातात घालायची. ही अंगठी आईकडून लेकीकडे जाते.

पण सगळ्यांत गोड प्रथा रुमालाची! नवरी लग्नात लेस लावलेला लिननचा रुमाल जवळ ठेवते. बाळ झालं, की त्याचंच टोपडं होतं. कृती सोपी आहे:

• साधारण बारा इंची चौकोनी रुमालाची एक कड दोन बोटं मागे दुमडा. ही कपाळावर येईल.
• समोरच्या कडेला धावदोरा घालून चुण्या आवळा. ही डोक्यामागे येईल.
• पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना रिबिनी टाचा.

मूल मोठं होऊन त्याचं लग्न ठरलं, की टाके उसवायचे. पुन्हा रुमाल तयार!

तुमच्याकडेही आजीची क्रोशाची लेस असेल, तर एवढं करा. कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलवर सपाट पसरून वाळवा. खळ लावून ठेवू नका, कसर लागते. घडीवर लेस विरते, म्हणून मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. नव्या कपड्यावर लावताना ती कापू नका. मोठे टाके घाला, म्हणजे पुढच्या लग्नासाठी सहज उसवता येतील.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ज्या मुलींनी उपाशीपोटी ही लेस विणली, त्यांच्या अंगावर ती कधी चढली नाही. ती श्रीमंतांच्या घरी विकली गेली. आज त्यांच्या पणतींच्या लेकी ती मिरवतात, तेव्हा नुसती शोभाच वाढते असं नाही. एक जुनं देणंही फिटतं. तुमच्या ट्रंकेच्या तळाशीही असं एखादं देणं असेल. या रविवारी काढून बघा ना!