धाकट्याच्या वयाचं जहाज

सहकुटुंब क्रूझला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगते ती जहाजाच्या आकारावर. मजले किती, स्विमिंग पूल किती, घसरगुंड्या किती उंच. मग पैशांची गोष्ट निघते. माझं मत विचाराल तर सुरुवात तिसऱ्याच प्रश्नाने करावी: घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाचं वय आज नेमकं किती? समुद्रावरच्या या शहरांमध्ये बरीचशी दारं वयाने उघडतात आणि वयानेच बंद होतात. कंपन्यांच्या अटी वाचताना हे नियम किरकिरे वाटतात. पण एकेक नियम धरून ‘हाच आकडा का?’ असं विचारत गेलं, की मागून समुद्र, रोगजंतू, एखादी बुडालेली बोट असं काय काय बाहेर येतं आणि माहितीपत्रकातल्या घसरगुंड्या अगदी फिक्या वाटायला लागतात.

तरी आकाराचं कौतुक आधी उरकून घेऊ, कारण ते खरंच आहे. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ आपल्याकडे अनेकांनी पाहिलेलं आहे. फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज १९९०मध्ये समुद्रात उतरलं, बराच काळ रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं आणि २०२१पासून मुंबईकरांच्या वाट्याला आलं. त्याचं ग्रॉस टनेज ४८,५६३. टायटॅनिकचं होतं ४६,३२८. म्हणजे ज्या जहाजाच्या अवाढव्यपणाने १९१२चं जग दिपून गेलं होतं, साधारण तेवढ्याच जहाजात बसून आज आपण शुक्रवारी संध्याकाळी गोव्याला निघतो, आणि क्रूझच्या धंद्यात या जहाजाची गणना लहानांत होते! मायामीहून सुटणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज २,४८,६६३ आहे. लांबी ३६५ मीटर, डेक वीस.

हे टन वजनाचे नव्हेत, ही मेख लक्षात ठेवण्याजोगी आहे. जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून हा आकडा काढतात. त्यामुळे त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती ऐसपैस जागा मिळेल याचा अंदाज येतो. आयकॉनवर एका केबिनमध्ये दोघं धरले तर ५,६१० प्रवासी होतात. भागाकार येतो ४४. पण शाळांच्या सुट्टीत केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं येतात आणि जहाज ७,६०० पर्यंत भरू शकतं. तेव्हा तोच भागाकार ३३वर उतरतो. जहाज तेच, नाश्त्याची रांग मात्र वेगळी. धाकटं अजून शाळेत जात नसेल, तर मे महिना आणि दिवाळीची सुट्टी सोडून जाण्याची चैन करून घ्या. ती पुन्हा पुष्कळ वर्षं मिळणार नाही.

आता वयाची दारं. पहिलं दार सहा महिन्यांचं. रॉयल कॅरिबियन असो की डिस्ने, साध्या सफरीसाठी बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं. अटलांटिक ओलांडण्यासारख्या लांबच्या सफरीला एक वर्षाचं. याचं कारण जमिनीपासूनच्या अंतरात आहे. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, सलाइन, एक्स-रे असतं. पण तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग नसतो, आणि हेलिकॉप्टरचा पल्ला इंधनापुरताच असतो. किनारा दोन दिवस दूर असताना बाळाची तब्येत बिघडली, तर कप्तानाच्या हातात जहाज वळवण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. गर्भवतींना चोविसाव्या आठवड्यापासून न घेण्याचा नियमही याच हिशोबातून आला आहे. दुसऱ्या बाळाची चाहूल लागलेल्या घरांनी बुकिंगआधी कॅलेंडर बघावं. आणि हो, व्हर्जिन आणि वायकिंग या कंपन्यांकडे अठरा वर्षांखालच्यांना मुळी प्रवेशच नाही. स्वस्तातली तारीख दिसली म्हणून हुरळून जाऊ नका.

दुसरं दार तीन वर्षांचं, आणि तिथे एक चौकीदार उभा आहे: लंगोट, म्हणजे आजचं डायपर. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने या दोघांचेही मुलांचे क्लब तीन वर्षांपासून सुरू होतात, आणि मूल शी-शू सांगणारं असावं लागतं. क्लबचं शुल्क तिकिटातच धरलेलं असतं. त्याखालच्या बाळांसाठी नर्सरी असते, ती तासावर पैसे घेते आणि तिच्या जागा आधीच भरून जातात. कार्निव्हलने वेगळा रस्ता धरला. त्यांचा क्लब दोन वर्षांपासूनच मुलं घेतो. एमएससीने तीन वर्षांखालच्यांसाठी चिको या बाळांच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन खेळघर उभारलं. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला जी कंपनी सोयीची, ती चार वर्षांच्या मुलाला सोयीची असेलच असं नाही.

डायपरचं प्रकरण पाण्यातही शिरतं, आणि तिथे ते फार गंभीर आहे. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, स्वच्छतेचा नियम चालतो: डायपरमधल्या मुलाला मोठ्या तलावात उतरवता येत नाही, मग ते पोहण्याचं खास डायपर का असेना. अशा बाळांसाठी वेगळ्या पाण्याचं, वेगळ्या शुद्धीकरणाचं छोटं कारंजंघर लागतं. ते काही जहाजांवर असतं, काहींवर नसतं. आयकॉनवर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाची अख्खी पेठच वसवली आहे. असं काही नसलेल्या जहाजावर दीड वर्षाचं मूल काठावर बसून दादाचं पोहणं बघत रडणार, हे गृहीत धरा.

जहाजावरच्या पोटाच्या आजारांतला मुख्य खलनायक म्हणजे विषाणू, त्यातही नोरोव्हायरस. तो फार थोड्या कणांनीही आजार घडवतो, आणि हजारो माणसं एकाच कठड्याला, एकाच डावाला हात लावतात तिथे त्याचं फावतं. गंमत अशी, की जेवणघराच्या दाराशी हातावर जे सॅनिटायझर फवारतात, त्याला हा विषाणू फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी मात्र त्याला हातावरून धुऊन काढतं. आजीचा ‘हातपाय धुऊन ये’ हा हुकूम जहाजावर तंतोतंत पाळावा. सीडीसी त्यांच्या कक्षेतल्या जहाजांना तपासून शंभरपैकी गुण देतं आणि ते जाहीर करतं. ८५ किंवा कमी मिळाले तर जहाज नापास. अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेले आपले आजी-आजोबा कॅरिबियनची क्रूझ घेतात, त्यांनी जहाजाचे हे गुण नक्की बघावेत.

त्याच नळाच्या पाण्याची कथा तर जादूसारखी आहे. जहाज बरंचसं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून स्वतःच बनवतं. इंजिन थंड करताना जी उष्णता फुकट जायची, तिच्यावर खारं पाणी तापवतात. आणि भांड्यातली हवा काढून दाब इतका उतरवतात, की पाणी साठ अंशांच्या आतच उकळतं. वाफ धरली की गोडं पाणी तयार. काही जहाजं पडद्यातून दाबाने पाणी गाळतात. बाळाची सकाळची आंघोळ म्हणजे आदल्या दिवशीचा अरबी समुद्र असू शकतो.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र मात्र ‘आपण हलतोय’ असं सांगत राहतं, आणि या भांडणात पोट ढवळतं. यातली आश्चर्याची गोष्ट अशी, की दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. सर्वांत जास्त त्रास होतो तो शाळकरी वयात. म्हणजे आई ज्याच्या काळजीने झोपत नाही ते बाळ मजेत असतं आणि चौथीतली ताई बादली शोधत असते. औषधाचं बालरोगतज्ज्ञांना निघण्याआधी विचारून घ्या.

जहाजही या लढाईत आपल्या बाजूने असतं. पाण्याखाली दोन्ही अंगांना काही मीटर लांबीचे पंख असतात. जायरोस्कोप जहाजाचं कलणं टिपतो, पंख क्षणात तिरके होतात आणि विमानाच्या पंखांप्रमाणे पाण्यात उचल निर्माण करून कलतं अंग सावरतात. पण हे पंख डावी-उजवीकडचं डोलणं थोपवतात. नाकाने वर-खाली होणं त्यांच्या आवाक्यात नसतं. तिथे केबिनची जागा कामाला येते. बागेतल्या सी-सॉच्या मधोमध बसलेल्या पोराला जेवढे कमी हिंदकळे बसतात, तेवढेच जहाजाच्या मध्यावरच्या, खालच्या डेकवरच्या केबिनीला बसतात. या केबिनी बऱ्याचदा स्वस्तही असतात, कारण त्यांना बाल्कनी नसते. तीन वर्षांच्या चढू पोरासोबत बाल्कनी नसणं हा मी तोटा मानत नाही.

जहाजाइतकाच मार्गही बघायला हवा. जूनपासून अरबी समुद्र खवळतो, म्हणून मुंबईचा हंगाम पावसाळ्याच्या आत-बाहेर बसवावा लागतो. सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणारी मलाक्काची सामुद्रधुनी मात्र एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया यांच्या कुशीत असल्याने पुष्कळ शांत राहते. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटींतून बेटावर जातात. हलत्या बोटीत बाबागाडी घडी करून, बाळ कडेवर घेऊन उतरायचं, हा खेळ आजी-आजोबांनाही झेपायला हवा.

सुरक्षेचे नियम सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत महागात शिकलेले आहेत. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१४ साली, समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या किनाऱ्याला आठवण आहे ती १७ जुलै १९४७ची: मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. २०१२मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटाची कवायत अजून झालेलीच नव्हती; तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच होते. मुलांना कंटाळा येतो म्हणून ती उरकू नका. जहाजावर लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट असणं बंधनकारक आहे, आणि चोवीस तासांहून लांबच्या सफरीत तान्ह्या बाळांचीही, बाळागणिक एक. ते केबिनमध्ये आधीच ठेवलेलं असेलच असं नाही. चढल्या चढल्या मागून घ्यावं.

याच हिशोबातून आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो. चौघांची केबिन रिकामी दिसत असूनही कंपनी कधीकधी चौघांना ती देत नाही. जहाजाचा प्रत्येक भाग ठरावीक लाइफबोटींना जोडलेला असतो, आणि त्या बोटींतल्या जागा संपल्या की वरची केबिन रिकामी असली तरी हिशोब बंद. म्हणून मोठ्या कुटुंबांनी लवकर बुकिंग करावं.

लाइफबोटी नारिंगी असाव्यात असा नियम आहे, कारण समुद्रावर तो रंग दुरून दिसतो. डिस्नेने १९९८मध्ये पहिलं जहाज उतरवताना मिकीच्या बुटांच्या पिवळ्या रंगाची खास परवानगी मिळवली! हौसेला मोल नाही, आणि ते तिकिटात दिसतं. पण त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते: बहुतेक केबिनींत न्हाणीघराचे दोन भाग असतात, एकात टब, दुसऱ्यात संडास. दोन लहान मुलं असलेल्या घराला याची किंमत सांगायला नको. जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत ‘ग्लोबल ड्रीम’ नावाचं एक जहाज अर्धवट पडलं होतं, कारण त्याची मालक कंपनी २०२२मध्ये बुडाली. ते डिस्नेने विकत घेतलं आणि दोन लाखांहून अधिक टनेजचं ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ म्हणून तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी सिंगापूरला नेमलं. अमेरिका गाठायची गरज नसल्याने आपल्यासाठी हा पर्याय जवळचा आहे. सिंगापूरचा व्हिसा मात्र पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा हवा; जहाजाने सिंगापूरबाहेर जाऊन परत येणं म्हणजे नवा प्रवेश.

सामानात इलेक्ट्रिक केटल टाकू नका. आगीच्या भीतीने केटल, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल हे सगळं चढतानाच काढून घेतात. बाळाची पेज, मऊ भात, कोमट दूध यांची सोय स्वयंपाकघराला सांगून होते, पण आधी विचारावं लागतं. डायपर आणि बाळाची पावडर घरूनच न्या.

निवाडा सांगायचा तर असा. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर नर्सरी आणि बाळांचं पाणी या दोन गोष्टी असलेलंच जहाज घ्या, नाहीतर मुंबई-गोव्यासारखी एक-दोन रात्रींची सफर करून घरच्यांचा अंदाज घ्या. तीन ओलांडलेली, डायपर सुटलेली मुलं असतील तर सिंगापूरहून तीन-चार रात्री. धाकटं अडीच वर्षांचं असेल तर सहा महिने थांबा. तेच पैसे दुपटीने वसूल होतील. पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: आमच्या मुलाला क्लबमध्ये घ्याल का, डायपरमधल्या बाळाला पाण्यात कुठे खेळता येईल, तलावावर लाइफगार्ड असतो का, बाळाचं लाइफ जॅकेट कुठे मिळेल. ‘जहाजावर गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर दुसरी कंपनी शोधा.