आवाज कुठे आणि बिघाड कुठे? खरखरीचं तर्कशास्त्र

अनुमान या विषयावरच्या आपल्या व्याख्यानमालेत डोंगर, धूर आणि अग्नी हे उदाहरण आपण पुष्कळ वेळा घेतलं. आता धूर पुरे, दुसरं काहीतरी घ्या, अशी मागणी काही श्रोत्यांकडून आली आहे आणि ती रास्त आहे. चुलीचा धूर ही एके काळी रोजची खूण होती. आज रोजच्या व्यवहारात आपण ज्या खुणेवरून अनुमान करतो, ती बहुधा आवाजाची असते. मिक्सरचा, पंख्याचा, गाडीचा आवाज. म्हणून आज आपण गाडी घेऊ. तीही साधी नव्हे, चारही चाकांना ताकद देता येणारी, चिखलात आणि दगडधोंड्यांत जाणारी गाडी. चालता चालता तिच्यातून कुठून तरी खरखर येते आहे. कर्रर्र, जसं दातांवर दात घासावेत. गॅरेजमध्ये नेली की आवाज बंद. घरी आणली की पुन्हा सुरू. काय करायचं?

पहिली गोष्ट. आवाज प्रत्यक्ष आहे, बिघाड परोक्ष आहे. आपल्याला ऐकू येते ती खूण, नैयायिक तिला लिंग म्हणतात. गंमत अशी की कान खुणेची जागासुद्धा नीट सांगत नाही. लोखंडी सांगाडा आवाज वाहून नेतो, त्यामुळे मागच्या डिफरन्शियलची घरघर पुढच्या सीटखालून आल्यासारखी वाटू शकते. म्हणून ‘आवाज कुठून येतो?’ या प्रश्नापाशी आपण फार वेळ रेंगाळायचं नाही. त्याहून उपयोगी प्रश्न दोन आहेत: आवाज कधी येतो? आणि त्याहून महत्त्वाचा, कधी येत नाही?

याला आपल्याकडे अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. हेतू आहे तिथे साध्य आहे, हा अन्वय. स्वयंपाकघरात धूर आहे आणि अग्नीही आहे. साध्य नाही तिथे हेतूही नाही, हा व्यतिरेक. तळ्यात अग्नी नाही, धूरही नाही. १८४३ साली जॉन स्टुअर्ट मिलने ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या रीती मांडल्या, त्यांतल्या पहिल्या दोन, साम्याची आणि भेदाची रीत, या विचाराच्या बऱ्याच जवळ येतात. गाडीच्या बाबतीत माणसं अन्वयावर थांबतात. ‘चढावर आवाज येतो’ एवढं सांगतात. सपाटीवर, उतारावर, न्यूट्रलमध्ये येतो का, हे पाहिलेलंच नसतं. निम्मा पुरावा तिथेच हातचा जातो.

आता गाडीची साखळी डोळ्यांसमोर आणू. इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स. त्याच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद फक्त मागे न्यायची की पुढेही, हे ठरवणारी पेटी. तिथून पुढे एक आणि मागे एक असे दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल, शेवटी चाकं आणि त्यांची बेअरिंग. या साखळीतली प्रत्येक कडी वेगवेगळ्या अटींवर फिरते. परीक्षा करायची ती एका वेळी एकच अट बदलून.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. खरखर आहे आणि क्लच दाबताच ती थांबते? मग संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच सुरू होते? मग क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. उभ्या गाडीत काहीच नाही, तर पुढे जाऊ. मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर वेग घ्यायचा आणि इंजिन चालू ठेवूनच गिअर न्यूट्रल करायचा. घाटात किंवा उतारावर हा प्रयोग कधीही करायचा नाही. इंजिनचे फेरे उतरले, पण खरखर गाडीच्या वेगाबरोबर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच बहुतेक सुटले. उरलं ते चाकांबरोबर फिरणारं सगळं.

इथे थोडं अंकगणित उपयोगी पडतं. चाकाचा परीघ २.४ मीटर धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ७ फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४ असेल तर प्रोपेलर शाफ्ट २८ फेरे घेतो. हे कानाला मोजता येणार नाही. पण वेग ताशी २० वर आणला तर चाकाचे फेरे सेकंदाला दोनाच्या थोडे वर येतात आणि शाफ्टचे नवाच्या आसपास. कर्र, कर्र, कर्र असं मोजता आलं तर चाकाकडे पाहावं. तोच आवाज सलग घरघरीसारखा लागला तर शाफ्टकडे. वेग कमी केल्याने बिघाड कमी होत नाही, पण तो वाचता येतो.

मग वळणाची परीक्षा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग बहुधा संशयित. रस्ता बदलताच, डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाजाचा पोत बदलला, तर तो मोठ्या नक्षीच्या टायरचाही असू शकतो. हलका ब्रेक लावताच आवाज बदलला, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकला आहे का, ते पाहावं. नदीपात्रातून आलेल्या गाडीत असा खडा हमखास सापडतो. ब्रेकचे पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागलं असेल, तर मात्र गाडी पुढे न्यायचीच नाही.

एक सावधगिरी. पुष्कळ गाड्यांत फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढच्या चाकांचा मार्ग मागच्यांपेक्षा लांब असतो. मातीत चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं, कोरड्या डांबरावर ते जमत नाही. मग गाडी अडखळते, कण्हते. तो बिघाड नाही, चुकीच्या जागी केलेला वापर आहे. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून आवाजाची परीक्षा घेणं म्हणजे परीक्षेनेच खूण निर्माण करणं.

आता एक खरं कोडं घेऊ. अमेरिकेतल्या श्रोत्यांना ते ओळखीचं वाटेल. २००४ मॉडेलच्या पिढीपासून फोर्ड एफ-१५० या पिकअपच्या फोर-व्हील मॉडेलमध्ये पुढच्या चाकांच्या हबमध्ये एक दातेरी कडं असतं. ते पुढे सरकलं की हब शाफ्टला जोडला जातो, मागे सरकलं की सुटतो. स्प्रिंग कड्याला जोडणीकडे ढकलते, आणि इंजिनमधून येणारा व्हॅक्यूम त्याला मागे ओढून धरतो. म्हणजे ओढ लागते ती टू-व्हीलमध्ये. फोर-व्हील लावलं की व्हॅक्यूम सोडून दिला जातो.

अशा जुन्या झालेल्या गाडीत लक्षणं ठरलेली. टू-व्हीलमध्ये चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर पुढून खरखर. पाय उचलला की शांत. आणि फोर-व्हील लावलं की पूर्ण शांत! इथे आपलं मन काय अनुमान करतं? ‘फोर-व्हीलमध्ये आवाज नाही, म्हणजे फोर-व्हीलची यंत्रणा ठणठणीत.’ अन्वय-व्यतिरेक दोन्ही पाहिल्यासारखं वाटतं. मग बेअरिंग बदललं जातं, शाफ्ट बदलला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खरा प्रकार असा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनमधला व्हॅक्यूम उतरतो. हे नेहमीचंच आहे, म्हणून वाटेत एकमार्गी झडप आणि साठवणीची टाकी दिलेली असते. झडप गळू लागली, रबरी नळी चिरली किंवा व्हॅक्यूम सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये पाणी शिरलं, की हबपर्यंत पुरी ओढ पोहोचत नाही. कडं थोडं पुढे येतं. फिरणाऱ्या हबचे दात थांबलेल्या शाफ्टच्या दातांना घासतात. पुरता व्हॅक्यूम असला तर शांतता, अजिबात नसला तरी शांतता. आवाज आहे तो अर्धवटपणाचा.

मिलची एक रीत सांगते की कारण वाढलं की कार्यही त्या प्रमाणात बदलतं. इथे ती सरळपणे लावली तर चकवा देते, कारण दोन्ही टोकं निर्दोष आहेत. नैयायिक याहून बारकाईने पाहतात. ते म्हणतात, अग्नी आहे म्हणून धूर आहे असं नाही. ओल्या लाकडाचा संयोग हवा. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आपल्या गाडीत ‘चढ’ हे कारण नव्हे. चढावर व्हॅक्यूम उतरतो, ही उपाधी आहे. ती सापडली की कळतं, सपाटीवर जोरात वेग घेतला तरी तीच खरखर यायला हवी. आणि ती येतेच. चांगल्या निदानाची ओळख हीच की ते आधी न पाहिलेली गोष्ट सांगतं.

मग पडताळा. गाडी उभी करून, इंजिन बंद करून हबकडे जाणारा व्हॅक्यूम तोडायचा आणि इंजिनकडचं तोंड बंद करायचं. दोन्ही हब आता पूर्ण जोडलेले राहतील. टू-व्हीलमध्येच चालवून पाहायचं. खरखर गेली तर दोष या यंत्रणेत आहे, बेअरिंगमध्ये नाही. मग हातपंपाने एकेका हबला आणि नळीला व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का, ते पाहायचं. जिथे गळतो तिथे बिघाड. पुष्कळदा सापडते ती एक स्वस्त नळी किंवा झडप. पण तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर दात गोल होतात, आणि एक दिवस खरोखर चिखलात रुतल्यावर फोर-व्हील लावलं तरी पुढची चाकं ओढ घेत नाहीत. चुकीच्या अनुमानाची किंमत तिथे मोजावी लागते.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: ‘पाच भाग एकदम बदलले आणि आवाज गेला. बिघडलं काय?’ बिघडलं हे की आपल्याला काहीच कळलं नाही. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ, हा काकतालीय न्याय. कदाचित पाचांतला एक भाग बदलताना सैल नळी सहज घट्ट बसली असेल. ती पुन्हा सुटेल, आणि आपण पुन्हा पाच भाग बदलू.

शेवटी प्रत्यक्ष प्रमाणाला विसरायचं नाही. डिफरन्शियलचं तेल काढताना बुचाच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. कपच्या किंवा दाताचे तुकडे असतील तर गाडी तिथेच थांबवायची. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. नदी ओलांडल्यानंतर एवढं पाहावंच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, स्टँड लावल्याशिवाय नाही. गाडी पुन्हा उघडता येते, माणूस नाही.

तेव्हा मेकॅनिककडे जाताना ‘खरखरतंय’ एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला, चढावर की सपाटीवर, टू-व्हीलमध्ये की फोर-व्हीलमध्ये, आणि कधी येत नाही, हे एका कागदावर लिहून न्या. चांगला मेकॅनिक तो कागद आधी वाचेल, पाना नंतर उचलेल. पुढच्या व्याख्यानात आपण हेत्वाभासांकडे, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या खोट्या हेतूंकडे वळू.