यंत्राचा कानोसा

तीसेक वर्षांपूर्वी मी एका सबस्टेशनात नवखा इंजिनिअर म्हणून रुजू झालो. तिथले वयस्क फोरमन रात्रपाळीला आले, की आधी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी दोन मिनिटे कान देऊन उभे राहत. चेहरा थेट नाडी पाहणाऱ्या वैद्याचा! आम्ही मागून हसत असू.

एका पावसाळी रात्री ते म्हणाले, "साहेब, आज सूर बदललाय." मी मीटर पाहिले. तापमान ठीक, भार ठीक. लॉगबुकात 'सर्व ठीक' लिहून मोकळा झालो. पहाटे स्फोट झाला, तेल पेटले. कोणी दगावले नाही, कारण फोरमननी मदतनीस पोरांना त्या बाजूला फिरकू दिले नव्हते. आतली गुंडाळी आवळून धरणारे बोल्ट सैल पडले होते, हे पुढे चौकशीत निघाले.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो उगाच नव्हे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात गाभ्याचे लोखंड दोनदा किंचित ताणते-आकसते. म्हणून त्या सुराची मूळ कंपने १००. आत काही ढिले झाले, की त्यात कर्कश सूर मिसळतात. ते फोरमनच्या कानाला कळत. पण गुंडाळीवरचा कागद खराब होऊ लागला, की तेलात बारीक ठिणग्या उडतात. त्यांचा आवाज बराचसा सेकंदाला २०,००० कंपनांच्या वरचा, म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा.

तो ऐकायला आता टाकीला बाहेरून सेन्सर चिकटवतात. त्यातल्या स्फटिकावर दाब पडला, की वीज उपजते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. तेलात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४०० मीटर धावतो. चार ठिकाणी असे कान लावले, की कोणाला ठिणगी किती आधी ऐकू आली यावरून तिची जागा सापडते. आणि हे सारे मैलोगणती दूर बसून! धोक्यापाशी माणूस उभा करायला नको.

मात्र पावसाचे थेंब, सैल पत्रा, तारांवरची चरचर हेही त्या कानांना ऐकू येते. निरोगी यंत्राचा आवाज आधी नोंदलेला नसेल, तर रोगट आवाज ओळखायचा कसा?

परवा एका नियंत्रण कक्षात तरुण इंजिनिअरने मला पडद्यावरची चढलेली रेघ दाखवली. "पावसामुळे असेल, सर," तो म्हणाला. त्याचा हात 'सर्व ठीक' लिहायला निघाला होता.

मी म्हटले, "लिही बाबा, पण आधी तिथल्या फोरमनला फोन करून विचार."