काचेच्या पेटीतले श्रवण

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या शासकीय रुग्णालयाला अवघा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेथे जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि शेजारच्या बुलढाण्याकडूनही अडलेल्या बाळंतिणी आणल्या जातात. आणि त्यांतल्या ज्या स्त्रिया सातव्या-आठव्या महिन्यातच प्रसूत होतात, त्यांच्या घरच्यांच्या तोंडी पुढचे कित्येक दिवस एकच वाक्य असते : बाळाला काचेत ठेवले आहे. काचेबाहेर ताटकळणाऱ्या आजीचा, आत्याचा सहसा असा समज असतो की, त्या मूठभर जिवाला अजून काहीच कळत नाही. ऊब, दूध आणि प्राणवायू यांची तजवीज झाली म्हणजे पुरे, बोलणेचालणे पुढचे पुढे पाहता येईल. हा समज कितीही मायेपोटी झालेला असला, तरी तो खरा नाही.

गर्भाचा कान साधारणतः २५व्या आठवड्याच्या सुमारास ध्वनी ग्रहण करू लागतो. परंतु ग्रहण करणे निराळे आणि एका वर्णापासून दुसरा वर्ण वेगळा ओळखणे निराळे. हे दुसरे काम अपूर्ण मेंदूला साधते काय, याचा शोध फ्रान्समधील आमियाँ येथील माहदी महमूदजादेह, फाब्रिस वालोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला व २०१३ साली प्रसिद्ध केला. गर्भधारणेपासून २८ ते ३२ आठवड्यांतच जन्मलेली बारा अर्भके झोपेत असताना त्यांना एकच अक्षर पुनःपुन्हा ऐकवण्यात आले आणि मध्येच ‘ब’च्या जागी ‘ग’ किंवा पुरुषाच्या आवाजाच्या जागी स्त्रीचा आवाज घातला गेला. अर्भकाच्या कवटीचे हाड इतके पातळ असते की, अवरक्ताच्या जवळचा मंद प्रकाश त्यातून आत शिरतो आणि मेंदूच्या कोणत्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त धावले, हे परतणाऱ्या प्रकाशावरून कळते. सुई नाही, भूल नाही, बाळाची झोपमोडही नाही. निष्कर्ष असा निघाला की, त्या मेंदूंनी दोन्ही बदल टिपले होते. शिवाय पुढे प्रौढपणी भाषेचा कारभार पाहणारा डावीकडचा कपाळामागचा भाग वर्ण बदलला तेव्हाच जागा झाला होता. या वयात मेंदूच्या बाह्यकाचे थर पुरते बसलेलेही नसतात, अनेक पेशी आपापल्या जागी पोहोचण्याच्या वाटेवरच असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या वार्तेचे मोल कळते. घर बांधून व्हायच्या आधीच त्यात माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले होते.

येथे एक मोह टाळला पाहिजे. बाळ दोन-अडीच महिने आधी जगात आले, तितके अधिक बोलणे त्याच्या कानी पडले, तेव्हा त्याची भाषाही तितकीच आधी पक्की होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. कॅनडातील जेनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखवून दिले होते की, इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या मुलांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद सहज कळतो, मात्र वर्ष भरत येईतो तो त्यांच्या कानातून जातो. कारण मेंदू परक्या भाषेचे भेद सोडून आपल्या भाषेचे भेद घट्ट धरू लागतो. (आपल्या मुलांचा ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला विवेक शाबूत राहतो, तो घरात ते वर्ण रोज कानी पडतात म्हणून.) चिलीच्या मार्सेला पेन्या यांनी वर्कर यांच्याच साहाय्याने २०१२ साली मुदतपूर्व जन्मलेल्या निरोगी मुलांत हे वळण तपासले, तेव्हा ते जन्मतारखेपासून मोजलेल्या वयाप्रमाणे न येता, गर्भधारणेपासून मोजलेल्या वयाप्रमाणेच आले. निसर्गाने ठरवलेली मुदत लवकरच्या श्रवणाने अलीकडे ओढता येत नाही. म्हणूनच डॉक्टर अशा बाळाची प्रगती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. शेजारच्या पूर्ण दिवसांच्या बाळाशी त्याची तुलना करणाऱ्या नातलगांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, म्हणजे आईच्या जिवाचा नाहक घोर टळेल.

मग बोलावे की न बोलावे? बोलावे, आणि आईने तर बोलावेच. अमेरिकेत मेलिंडा कॅस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील अत्यल्प वजनाच्या अर्भकांच्या कानी पडणारे शब्द यंत्राने मोजले, तेव्हा ज्यांच्याभोवती मोठ्यांचे बोलणे अधिक होते, त्यांची भाषेतील प्रगती पुढे सरस आढळली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. पण पेटीत पंपांची घरघर, घंटांचा कर्कश गजर आणि पेटीची खिडकी लावतानाचा खटका हेच आवाज जेथे मुक्कामाला असतात, तेथे आईचा सौम्य स्वर कानी पडावा, हे कोणासही पटेल. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अशा कक्षातील आवाजासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, म्हणून बाळाशी बोलायचे ते हळू, थोडे, आणि त्याने तोंड फिरवले की थांबून. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची जी कांगारू पद्धत १९७८च्या सुमारास बोगोटा शहरात सुरू झाली आणि आता आपल्याकडेही रूढ आहे, तीत ऊब, स्पर्श आणि आवाज ही तिन्ही एकाच वेळी मिळतात. भाषा कोणती, हा प्रश्न गौण होय. मराठी, दखनी उर्दू वा तांड्यावरची गोरबोली, जी आईच्या जिभेवर सहज येते तीच.

या मुलांची काळजी पेटीबाहेर आल्यावर संपत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांत वेळेआधी जन्मून शिवाय पोटात वाढही खुंटलेली मुले बुद्धिमापनात सर्वांत मागे राहिलेली दिसली. असे चिकाटीचे काम आपल्याकडे विरळा, आणि त्याची वाखाणणी व्हावी तितकी झालेली नाही.

परंतु मेंदू कितीही सिद्ध असला, तरी कानच अधू असेल तर सारे व्यर्थ. तीव्र कावीळ, काही प्रतिजैविके आणि दीर्घकाळचा कृत्रिम श्वास यांमुळे या अर्भकांच्या श्रवणाला विशेष धोका असतो. तेव्हा घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर ‘बेरा’ या श्रवणचाचणीची नोंद आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास डॉक्टरांकडे ती आग्रहाने मागावी. चाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत, हे वेळापत्रक कोणत्याही कारणाने चुकवू नये.