मुंबई ते लंडन

घाटकोपरच्या टेकडीवर उभे राहिले असता पूर्वेकडून येणारी विमाने एकामागून एक खाली उतरत अंधेरी-सांताक्रूझकडील विमानतळाकडे जाताना दिसतात. त्यांतील एखादे नागपूरहून आलेले असते, तर एखादे थेट लंडनहून. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. परंतु हे अंतर मोजावयाचे कोणत्या वाटेने?

भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरे जोडली, तर रेघ इराकवरून जाते. आता पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा इराकच्या उत्तरेस सरकतो आणि काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्यामधील काकेशसच्या डोंगराळ मुलखावरून जातो! पृथ्वी वाटोळी, तिला सपाट कागदावर पसरताना नकाशात ओढाताण होतेच. दोऱ्याची वाट नकाशावर वाकडी दिसते, पण पट्टीच्या वाटेपेक्षा ती सुमारे २०० किलोमीटरांनी जवळची आहे. वैमानिक शक्यतो तिच्याच आसपास राहतात. मात्र एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, तर वळसा घ्यावाच लागतो. २०१९ साली पाकिस्तानने तसे केले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला होता.

पूर्वी हा प्रवास दिवसांत मोजीत. गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. मार्सेय बंदरापर्यंत बोटीने व पुढे आगगाडीने जाऊन ते लंडनला पोहोचले, तो १२ सप्टेंबरचा दिवस होता. म्हणजे दोन आठवडे! पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या विमानाने मुंबईहून लंडनकडे उड्डाण केले. ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आजची जेट विमाने वाटेत कोठेही न उतरता लंडन गाठतात.

जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. भागाकार केला की उत्तर येते आठ तास. प्रत्यक्षात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना त्याहून तासभर कमी. वाट तीच, विमानही तेच; मग हा तास जातो कोठे? त्याचे कारण वारा. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, या मार्गाच्या बऱ्याच भागात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ९०० चा वेग जमिनीवरून मोजता ८२० भरतो. तोच पाठीशी असला, तर ९८०. नदीत प्रवाहाविरुद्ध नाव वल्हविणाऱ्यास हे गणित समजावून सांगावे लागत नाही. उड्डाण करण्यास, उतरण्यास आणि विमानतळावर मोकळी धावपट्टी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालण्यास लागणारा वेळ निराळाच.

घड्याळ तर आणखी फसविते. हिवाळ्यात दुपारी एक वाजता मुंबईहून निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरले, तर तेथे संध्याकाळचे साडेपाचच वाजलेले असतात. कारण भारतातील घड्याळ तेथील घड्याळाच्या साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात, त्यामुळे हाच फरक साडेचार तासांचा होतो. प्रवाशाने आपले घड्याळ बदलले नसेल, तर त्यात मात्र रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि डोळ्यांवर झोपही अकराचीच असते.