नागपुरात ससा दत्तक घेताय? आधी कूलरची खोली बघा

पोरांच्या हट्टापायी ससा घरी येतो, हौस फिटली की नकोसा होतो. काही जण त्याला सरळ मैदानात सोडतात. हा पाळीव ससा मूळचा युरोपातल्या जातीचा. पिंजऱ्यात वाढलेला असल्यानं बाहेर कुत्र्या-मांजरांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा ठिकाणी पाळीव प्राणी सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मग शेल्टरला दिला की झालं? तिथं अडचण जागेची. सशाची मादी साधारण 31 दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नर-मादी वेगळे ठेवावे लागतात. इथं फॉस्टर कामाला येतं, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी ससा आपल्याकडे सांभाळायचा.

पण नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तिशीपुढचं तापमानही त्याला जड जातं. त्यामुळे बाल्कनीतला पिंजरा बादच. कूलर असलेली खोली हवी.

खाण्यात मुख्य सुकं गवत. दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गाजर अधूनमधून, सिनेमातल्यासारखं रोज नाही. आणि ही जबाबदारी आठ-दहा वर्षांची आहे, त्यामुळे आधी फॉस्टर करून बघणंच शहाणपणाचं.

शेतात सापडलेलं भुरकट पिल्लू मात्र रानसशाचं असू शकतं. त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी ठेवता येत नाही. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. सेमिनरी हिल्सला त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.